टिचकीचा बत्तासा आणि थडथड ट्रक

एक होती उंदरीण. एवढीश्शी! नाव तिचं टिचकी. राहायची कुठे? शर्यतीच्या ट्रकात! लाल लाल ट्रक. मोठ्ठी मोठ्ठी चाकं. सीटच्या खाली टिचकीचं घर.

काल होती खंडेनवमी. नागूमिस्त्रीच्या गॅरेजात हत्यारांची पूजा झाली. पाना, पक्कड, हातोडी, सगळे पाटावर बसले ऐटीत. टिचकीला मिळाला प्रसाद. पांढरा पांढरा बत्तासा! तिने तो जपून ठेवला सीटवर.

आज दसरा. आज शर्यत! मिस्त्रीने ट्रक ठोकळ्यांवर चढवला. चाकं हवेत. ट्रक सुरू केला.

थडथड थडथड थडथड!

आरसा हलला. दिवा हलला. मिस्त्रीची मिशी हलली. आणि बत्तासा? टुणुक टुणुक टुणुक... गेला सीटच्या फटीत!

टिचकी रडली. खूप रडली. मग नाक पुसलं.

"सीटताई, सीटताई, माझा बत्तासा दे ना!"

सीट म्हणाली, "नाही देत जा! माझं अंग दुखतंय. आधी थडथड थांबव. दांड्याला सांग, नीट फिर."

ट्रकच्या पोटाखाली असतो लांब दांडा. तो फिरतो, म्हणून चाकं फिरतात. टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दांडूदादा, दांडूदादा, नीट फिर ना!
सीट थडथड थांबेना,
माझा बत्तासा मिळेना!"

दांडा म्हणाला, "मी नाही जा! गिअरबॉक्स बसलाय तिरका. मी जोडलोय त्याला. त्याला सांग, सरळ हो."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गिअरबॉक्सकाका, गिअरबॉक्सकाका, सरळ व्हा ना!
दांडा नीट फिरेना,
सीट थडथड थांबेना,
माझा बत्तासा मिळेना!"

गिअरबॉक्स म्हणाला, "मी नाही जा! मला धरतो बोल्ट. तोच ढिला. त्याला सांग, घट्ट बस."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"बोल्टोबा, बोल्टोबा, घट्ट बसा ना!
गिअरबॉक्स सरळ होईना,
दांडा नीट फिरेना,
सीट थडथड थांबेना,
माझा बत्तासा मिळेना!"

बोल्ट म्हणाला, "मी नाही जा! काल पान्याने मला अर्धंच आवळलं. तेवढ्यात आरती लागली. पाना गेला पाटावर! त्याला सांग, मला आवळ."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाना बसला होता पाटावर. कपाळाला कुंकू, डोक्यावर झेंडू.

"पानेराव, पानेराव, बोल्ट आवळा ना!
बोल्ट घट्ट बसेना,
गिअरबॉक्स सरळ होईना,
दांडा नीट फिरेना,
सीट थडथड थांबेना,
माझा बत्तासा मिळेना!"

पाना म्हणाला, "मी नाही जा! मी आता देव आहे. मिस्त्रीला सांग, मला उचल."

बघा कसा फुगलाय!

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मिस्त्री डोकं खाजवत होता. त्याने चाकं निरखली. तेल घातलं. लिंबू-मिरची बांधली. थडथड काही जाईना!

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, पाना उचला ना!
पाना बोल्ट आवळेना,
बोल्ट घट्ट बसेना,
गिअरबॉक्स सरळ होईना,
दांडा नीट फिरेना,
सीट थडथड थांबेना,
माझा बत्तासा मिळेना!"

"अरेच्चा, बोल्ट! मी विसरलोच की!" मिस्त्री म्हणाला. "पण मी नाही जा! पूजा अजून उठली नाही. हत्याराला हात कसा लावू? काकूला सांग, अक्षता टाक. अक्षता पडल्या की पूजा उठली."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. चंपाकाकू पाटाजवळ उभ्या. एका हातात अक्षतांची वाटी. दुसऱ्या हातात फोन. बहिणीशी गप्पा, गप्पा, गप्पा!

"काकू, काकू, अक्षता टाका ना!
मिस्त्री पाना उचलेना,
पाना बोल्ट आवळेना,
बोल्ट घट्ट बसेना,
गिअरबॉक्स सरळ होईना,
दांडा नीट फिरेना,
सीट थडथड थांबेना,
माझा बत्तासा मिळेना!"

"थांब गं बाई, बोलतेय ना मी," काकू म्हणाल्या. मग त्यांनी खाली बघितलं.

"अगं आई गं! उंदीर!"

वाटी उडाली वर! अक्षता पडल्या खाली! पान्यावर, पकडीवर, हातोडीवर!

"पूजा उठली!" मिस्त्री ओरडला. ट्रक केला बंद.

मिस्त्रीने पाना उचलला. पान्याने बोल्ट आवळला. खर्र खर्र खर्र! बोल्ट घट्ट बसला. गिअरबॉक्स सरळ झाला.

टिचकी धावली. "सीटताई, थांबली थडथड! दे बत्तासा!"

"वा गं वा! बंद ट्रक कुठे थडथडतो?" सीट म्हणाली. "चालू होऊ दे. मग बघू."

मिस्त्रीने ट्रक सुरू केला. टिचकीने डोळे मिटले. शेपटी घट्ट धरली.

सूंऽऽऽ...

दांडा नीट फिरला. आरसा हलेना. दिवा हलेना. मिशी हलेना!

सीट खुदकन हसली. अंग सैल सोडलं. फट उघडली. टुण्! बत्तासा बाहेर!

ट्रक उतरला ठोकळ्यांवरून, निघाला शर्यतीला. सूंऽऽऽ सूंऽऽऽ! काकू स्टुलावर उभ्या राहून हात हलवत होत्या. खाली उतरायला अजून तयार नव्हत्या.

ट्रकला मिळाला पहिला नंबर. टिचकीला मिळाला बत्तासा.

कुर्रम! कुर्रम! कुर्रम!

आणि तुला मिळाली गोष्ट. आता घे घास, आ कर बघू!