राणीसाहेबांची बिनखर्ची सहल

"नाही म्हणजे नाही!" हैबतराव राजे कडाडले. "समुद्र, गड, धबधबा, डोंगरावरची देवी, वर ते गरम पाण्याचं कुंड! एका फेरीत? खजिना काय झाडाला लागलाय?"

"सगळं आपल्याच राज्यात तर आहे," राणी मैनावतीबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून या खिडकीतून दिसतं तेवढंच राज्य मी पाहिलंय. त्यातही निम्मी तबेल्याची भिंत!"

राजे मोठे दिलदार आहेत असं दरबारात सगळेच म्हणत. न म्हणणाऱ्याचा पगार कापला जाई.

पंखा ढाळणारी दासी येसू हे ऐकत होती. तिचं लग्न ठरलं होतं आणि राजे रजा देत नव्हते. मुहूर्त दोनदा पुढे गेला होता. पुन्हा गेला तर नवऱ्याकडचे दुसरी मुलगी पाहणार होते.

"महाराज, राणीसाहेबांना मी फिरवून आणते," ती म्हणाली. "तुमचा काहीही खर्च न होता! जमलं तर मला लग्नाची रजा द्या."

फुकट म्हटल्यावर राजांचे कान टवकारले. पण लगेच त्यांनी अटी घातल्या. "राजवाड्याची गाडी मिळणार नाही. राणी आहे हे कुणाला सांगायचं नाही. कुणापुढे हात पसरायचा नाही. आणि राणी उपाशी राहता कामा नये, पायी चालता कामा नये! एक जरी अट मोडलीस तर रजा विसर!"

येसूने बाजारकऱ्यांबरोबर नातेवाइकांना निरोप धाडले. दोन दिवसांत मागच्या दाराशी बैलगाडी उभी.

"येसू! केळवणाला न्यायला आलोय गं!" तिचा मामा ओरडला. "ही कोण?"

"माझी सोबतीण, मैना. नवरीने एकटीने कसं यायचं?"

"मग बस की गं मैने! गवतावर बस, मऊ आहे!"

येसूचंच लुगडं नेसलेल्या राणीसाहेब टुणकन गाडीत चढल्या.

मामा राहायचा बंदरावर. त्याने मोदक खाऊ घातले आणि होडीतून समुद्र दाखवला. काका गडावर पहारेकरी. त्याने बुरूजन् बुरूज दाखवला आणि वर प्रत्येकाबद्दल एकेक थाप मारली. मावशी धबधब्यापाशी, आत्या देवीच्या डोंगराच्या पायथ्याला, चुलतबहीण कुंडाच्या गावात. चढ आला की नवरी आणि सोबतीण डोलीत! नवरीला पुढच्या घरी पोचवायचा मान कुणाचा, यावरून मावशीचे दोन दीर हमरीतुमरीवर आले. शेवटी दोन गाड्या निघाल्या, एकीत नवरी आणि दुसरीत सोबतीण!

"मैने, लाजतेस काय? घे आणखी एक पुरणपोळी!" आत्या दटावत होती. राणीसाहेबांना जन्मात कुणी असं दटावलं नव्हतं. त्यांनी आणखी दोन घेतल्या.

परत आल्या त्या गालांवर लाली आणि हातात खणांचं गाठोडं घेऊन. राजांनी गाठोडं पाहिलं आणि त्यांना जोर चढला.

"हात पसरलात! अट मोडली!"

"आम्ही कुठे पसरले, महाराज?" येसू म्हणाली. "नको नको म्हणून हात मागे घेतले, तर त्यांनी ओटीत घातलं. केळवणाचा आहेर परत केला तर भांडण होतं!"

"पण त्या लोकांना खर्च पडला ना? मग बिनखर्ची कसली?"

"केळवण म्हणजे देणंघेणं. त्यांच्या मुलींना माझ्या आईने जेवू घातलं, आता त्यांनी मला."

"तुला! आणि राणी जेवली ते? ते तर उधारच राहिलं की!" राजांनी मांडीवर थाप मारली. "सापडलीस! आता ते कोण फेडणार?"

"सोबतिणीच्या घरचे," येसू शांतपणे म्हणाली. "नवरीचं एक केळवण मालकाच्या घरीही होतं. मी पाचही घरांना उद्या इथं बोलावलंय. तुम्ही नको म्हणत असाल तर निरोप धाडते. पण आत्या निघताना विचारत होती, या मैनेच्या घरी जेवायला घालत नाहीत का गं?"

राजांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मग पोट गदगदू लागलं. असे खो खो हसले की पगडी घरंगळून राणीसाहेबांच्या मांडीत पडली!

"रजा दिली! लग्नही राजवाड्यातच लावू! आणि हा घे!" त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या हातात ठेवला. मग दाराकडे नजर टाकून हळूच विचारलं, "येसू, तुझ्या नवऱ्याची केळवणं उरकली का गं? नाही, त्यालाही एखादा सोबती लागत असेल!"