वरवंट्याची कावीळ

"म्हणजे मी काय देतोय, ते मलाच कळणार नाही?"

"नाही."

"आणि तुम्हाला?"

"मलाही नाही."

"मग कळणार कुणाला?"

"सगळ्यांना. चाचणी संपल्यावर."

मोतीगीर हसला. डॉक्टरकडे बघून नव्हे, ओसरीवर बसलेल्या लोकांकडे बघून. तरुण बाई काही शिकवू लागली की पिकल्या दाढीचे पुरुष हसतात, तसं.

मठ गोसाव्यांचा. कावीळ उतरवून घ्यायला लांबलांबून माणसं येत. मठाच्या प्रमुख बाईजी आता थकल्या होत्या. औषध त्यांचा थोरला शिष्य मोतीगीर देई.

निलोफर बागवान तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होती. मठाचं औषध खरंच लागू पडतं का, हे तिला तपासून बघायचं होतं. सकाळपासून ती तेच तेच समजावत होती.

"पुन्हा सांगते, बुवा. काही रुग्णांना तुमचा पाल्याचा रस. काहींना तसाच हिरवा, तसाच कडू, पण औषध नसलेला. दवाखान्याचे उपचार दोघांनाही चालू राहतील. कुणाला कुठला रस, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. मग सगळ्यांचं काय झालं ते बघायचं. सगळ्यांचं."

"गुण रसात नसतो, डॉक्टरीणबाई." मोतीगीरने उजवा हात वर धरला. "हाताला असतो. हा हात कुठल्या चिठ्ठीत घालणार?"

ओसरी हसली.

"सोपं आहे. दोन्ही रस याच हाताने द्या."

ओसरी हसायची थांबली.

बाईजी खांबाला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. मोतीगीरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"पुरावा पाहिजे ना तुम्हाला?" तो म्हणाला. "हा घ्या. चला, पुढचं कोण?"

पुढची रोहिणी होती. पोट पुढे आलेलं, डोळे हळदीसारखे. तिची सासू गयाबाई तिला दंडाला धरून घेऊन आली. खाली बसताना रोहिणी एका बाजूला कलली.

निलोफर उठलीच.

"कधीपासून आहे हे? आणि ही अशी पेंगतेय का?"

"रात्रीपासून जरा ग्लानी आहे," गयाबाई म्हणाली. "तुम्ही बसा हो. आधी उतरू द्या."

मोतीगीरने पाट्यावर वाटलेल्या सालीचा लगदा रोहिणीच्या तळव्यांना चोळला. हात परातीवर धरले. वरून चुन्याची निवळी ओतली.

परातीतलं पाणी पिवळंधमक झालं.

"बघा," मोतीगीर म्हणाला. "उतरली."

गयाबाईने हात जोडले. "चल गं, ऊठ. घरी जाऊ."

"घरी?" निलोफरचा आवाज चढला. "आजी, पोटुशी बाईची कावीळ आहे ही! पेंगतेय म्हणजे डोक्यापर्यंत चढलीय. बाई आणि बाळ, दोघांच्या जिवावर बेतेल. गाडी दारात उभी आहे. आत्ताच्या आत्ता चला."

"पाणी पाहिलं ना तुम्ही?"

"पाणी नका बघू! तिचे डोळे बघा!"

"ओरडू नका, बाई. मठ आहे हा. माझ्या नणंदेचीसुद्धा इथंच उतरली होती. दवाखान्यात नेलं की तुम्ही लोक आधी पोट फाडायच्या गोष्टी करता."

निलोफरने रोहिणीचा हात धरला. गयाबाईने दुसरा धरला. मधे रोहिणीची मान छातीवर पडली होती.

"रोहिणी, तू सांग. येतेस ना?"

रोहिणीचे ओठ हलले. शब्द आला नाही.

निलोफर खांबाकडे वळली.

"बाईजी, तुम्ही तरी बोला! का मोठ्या माणसांनी डोळे मिटून बसायचं, एवढंच असतं इथं?"

ओसरी गार पडली. बाईजींशी असं कुणी बोलत नसे.

"जीभ सांभाळा, डॉक्टरीणबाई!" मोतीगीर म्हणाला.

बाईजींनी डोळे उघडले.

उठल्या. पाट्याजवळ गेल्या. वरवंटा उचलला, रांजणातल्या पाण्याने खळाखळा धुतला, पदराने कोरडा केला आणि मोतीगीरपुढे आणून ठेवला.

"ह्याची उतरव."

"...बाईजी?"

"कावीळ. उतरव ह्याची."

"बाईजी, दगड आहे तो."

"मला पिवळा दिसतोय."

कुणीतरी खुसकन हसलं. बाईजींनी तिकडे नुसतं पाहिलं. हसणं विरलं.

"लोक बघतायत, बाईजी."

"मघाशीही बघत होते."

मोतीगीर हलला नाही. बाईजीही हलल्या नाहीत...

शेवटी त्याने लगदा घेतला. वरवंट्याला चोळला. परातीवर धरला. निवळी ओतली.

पाणी पिवळंधमक झालं.

ओसरीवरची माणसं परातीकडे वाकली.

बाईजींनी तो ओला वरवंटा पदरात गुंडाळला. तान्हं मूल घ्यावं तसा खांद्याशी घेतला, आणि तसाच गयाबाईच्या मांडीवर ठेवला.

"बारशाला बाळाबरोबर हा पाळण्यात ठेवतात. तू नुसता हाच ठेवणार आहेस का, गयाबाई?"

गयाबाईने मांडीवर पाहिलं. मग सुनेकडे. वरवंटा तिने खाली ठेवला.

"गाडी... कुठं आहे म्हणालात?"

निलोफरने तोवर रोहिणीला उचललंच होतं. दोघींनी मिळून तिला गाडीत घातलं. मागचं दार नीट लागायच्या आतच गाडी निघाली.

ओसरीवरची माणसं एकेक करून उठली.

मोतीगीर परातीसमोर तसाच बसला होता.

"चारचौघांत माझी लाज काढलीत, बाईजी."

"हो."

"तुम्हीच शिकवलंत ना मला औषध?"

"मी रस शिकवला. हे पाणी कुठून आणलंस?"

"...जत्रेत एका साधूने दाखवलं होतं. लोकांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं."

"दिसलं त्यांना. ती पोटुशी पोर घरी निघाली होती."

मोतीगीरने परात उचलून अंगणात उपडी केली. पाणी मातीत पसरलं.

"बरं, पाणी खोटं. आजपासून बंद. पण रस? रस तर खरा ना?"

"मला माहीत नाही."

तो वळला. वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुम्हाला... माहीत नाही?"

"ती डॉक्टर पोरगी तेच विचारायला आली होती. सकाळपासून घसा फोडत होती. तू हात दाखवत बसलास."

"पण बाईजी, दर पौर्णिमेला बरी झालेली माणसं नारळ घेऊन येतात! पायरीवर ढीग लागतो. तुम्ही स्वतः बघता. तो ढीग काय खोटा?"

बाईजींनी वरवंटा उचलून पुन्हा पाट्यावर ठेवला.

"मेलेला नारळ घेऊन येत नाही, मोतीगीर."