डोहातले दबक्या आवाजाचे मासे

एकदा एका दूरदेशीच्या नदीकाठी एका शिष्याचा जीव सहा माद्यांपायी टांगणीला लागला होता. माद्या माशांच्या होत्या, तेव्हा गैरसमज नको.

त्या नदीतले वीतभर लांबीचे मासे अंगातून अतिशय मंद वीज सोडतात. तिचा कोणाला झटका बसत नाही. गढूळ पाण्यात ते तिच्याच आधारे वाट काढतात आणि जोडीदारालाही तिच्यावरूनच ओळखतात. पाण्यात तार सोडून ती एका यंत्राला जोडली, की त्या विजेचा आवाज माणसालाही ऐकू येतो. तिथले वृद्ध गुरू चाळीस वर्षे हेच ऐकत आले होते. शिष्याला दोन वर्षे झाली होती, म्हणजे आपल्याला सगळे कळते असे वाटण्याचा त्याचा काळ होता.

त्या वर्षी धबधब्याखालच्या डोहाचे पाणी अचानक ओसरले. या माशांचे नर काठच्या गवतात अंडी राखत बसतात. ते जागचे हलले नाहीत आणि सगळे मेले. खोल पाण्यातल्या सहा माद्या तेवढ्या उरल्या. त्यांची पोटे पुन्हा अंड्यांनी भरली होती, पण चार दिवसांत पूर यायचा होता आणि पुरानंतर हे मासे अंडी घालत नाहीत. तोवर नर मिळाला नाही, तर त्या डोहातला वंश संपणार होता.

गुरूंनी शिष्याला डोहाच्याच, पण पाणी टिकलेल्या एका फाट्यातून नर आणायला सांगितले. त्याला जेमतेम पाच मिळाले. यंत्रावर ऐकले, तर त्यांचा आवाज तुटक आणि दबका. हे आजारी दिसतात, असे म्हणून त्याने ते बादलीत बाजूला ठेवले. काळजीने त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो कोणाला न विचारता धबधब्यावरच्या ओढ्यातून दहा नर घेऊन आला. मासा तोच, रंग तोच, आणि आवाज कसा लांब, भरदार. त्यातले तीन त्याने सकाळीच डोहात सोडले आणि तो यंत्राला कान लावून बसला.

तीन आवाज येत होते. माद्या गप्प होत्या. थोड्या वेळाने दोनच आवाज उरले. मग एक. तोही मध्येच थांबला. शिष्य धावत गुरूंकडे गेला आणि त्याने काहीही न लपवता सारे सांगून टाकले.

गुरू काठावर आले. "उरलेले सात?" त्यांनी विचारले.

"हौदात आहेत. सोडू का?"

"नको. आजच वर नेऊन त्यांच्या ओढ्यात सोड." एवढे बोलून त्यांनी बादली उचलली आणि पाचही नर स्वतःच्या हाताने डोहात सोडले.

शिष्य घाबरून म्हणाला, "गुरुजी, ते अशक्त आहेत. दोनच दिवस राहिलेत, यांच्यावर कसं विसंबायचं?"

"अशक्त कोणी ठरवलं? तू वरच्या पाण्याचं माप खालच्या माशाला लावलंस. या डोहात मिशांचा एक मोठा मासा राहतो. त्यालाही वीज कळते, पण लांब आणि जाड आवाजाची. तुटक आवाज त्याला सहसा सापडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे जो लांब बोलला, तो खाल्ला गेला. जन्मतःच थोडक्यात बोलणारे तगले आणि त्यांचीच पिल्लं वाढली. माद्याही तोच आवाज आपला मानू लागल्या. धबधब्याच्या वर तो शिकारी पोचतच नाही, म्हणून तिथे लांब बोलणं परवडतं. दोघांचं मूळ एक आहे, बाळा. पाणी वेगळं आहे."

मग दोघे यंत्राजवळ बसले. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. अखेर एक तुटक आवाज आला, थांबला, पुन्हा आला. आणि खोल पाण्यातून एका मादीने तितक्याच दबक्या सुरात त्याला उत्तर दिले. गुरूंनी मान डोलावली.

दुसऱ्याच्या आवाजाला दुबळा म्हणण्यापूर्वी तो कोणत्या पाण्यात तगून आला आहे, हे विचारावे.

शिष्याने हौदातले सात मासे एका भांड्यात घेतले आणि तो धबधब्याची चढण चढू लागला. त्याच्या कानांत अजून ते तीन भरदार आवाज होते, त्याने स्वतः निवडलेले.