न चुकणारे बाण

एका राज्यात लोखंडाला माणसाचा शब्द कळत असे. तिथे हेमांगद राजा राज्य करी आणि त्याच्या शस्त्रशाळेत सुनेत्रा नावाची लोहारीण बाण घडवी. ज्याचे नाव घेऊन बाण सोडावा, त्यालाच तो लागे. मग तो गुहेत लपो की पाण्याखाली.

शेजारच्या चंडवर्मा राजाने असे दोनशे बाण मागितले आणि बदल्यात आपले बंदर खुले करण्याचे वचन दिले. तो स्वतःच्याच प्रजेवर शस्त्र धरतो, हे सर्वांना ठाऊक होते.

सुनेत्रा दरबारात म्हणाली, "महाराज, देऊ नये."

अमात्य म्हणाले, "आपण न दिले तर दुसरा कोणी देईल. शिवाय बाण केवळ राज्याच्या रक्षणासाठी वापरीन, असे त्याने लिहून दिले आहे."

राजाने लेख वाचला आणि मुद्रा उमटवली. पहिले शंभर बाण चंडवर्म्याकडे पोहोचले आणि उरलेले शंभर गाड्यांतून निघाले.

आठव्या दिवशी राज्यातला विस्तव थंड पडला. ज्वाळा दिसत, पण भात शिजेना, लोखंड तापेना, बाळंतिणींना शेक मिळेना. तेव्हा एक भारद्वाज पक्षी सज्जात येऊन बसला आणि मनुष्यवाणीने बोलला, "राजा, हा शाप तुझ्या मुद्रेचा. उरलेल्या बाणांच्या गाड्या सीमेवरून परत फिरव. गेलेले बाण कोणाला लागले, ते स्वतः पाहा. मग ते परत आण."

राजाने गाड्या फिरवल्या. चंडवर्म्याने त्याच दिवशी बंदर बंद केले.

मग व्यापाऱ्याच्या वेषात राजा सुनेत्रेसह त्या राज्यात गेला. मिठागरात गौतमी नावाची बाई मीठ ओढत होती. तिच्या मुलीने तुरुंगातल्या भावाची चौकशी केली होती, एवढेच. दारे बंद होती. बाण धुराड्यातून आला आणि मुलीचा जीव घेऊन गेला. गौतमीने तो जपून ठेवला होता.

"यावरचे हे चिन्ह कोणाचे?" तिने विचारले.

"माझे," राजा म्हणाला.

तिने बाण त्याच्या हातात ठेवला. मग म्हणाली, "असे अजून किती उरलेत?"

"एकाहत्तर. शंभरातले एकोणतीस सुटले, ती घरे पाहत आलो."

"मग इथे बसून काय करता?"

सीमेवरच्या टेकडीवर सुनेत्रा म्हणाली, "इथून हाक मारली तरी बाण नावावाचून परतत नाहीत, आणि ज्याचे नाव घ्यावे त्याच्या देहातच शिरतात. घडवले मी. माझे नाव घेते."

"तू नको म्हणाली होतीस. मुद्रा मी उमटवली," राजा म्हणाला. त्याने उजवा हात खडकावर ठेवला आणि मोठ्याने उच्चारले, "हेमांगदाचा उजवा हात."

भाते फोडून एकाहत्तर बाण आले. हात राहिला नाही, राजा वाचला. सुनेत्रेने पेटलेल्या चुडीने जखम डागली आणि राजा कळवळला. विस्तवात धग परतली होती.

चंडवर्म्याचे भाते रिकामे झाल्याचे कळताच त्याची प्रजा घराबाहेर आली. महिन्याभरात तो गलबतात बसून निघून गेला. तुरुंग उघडले, आणि गौतमीचा मुलगा घरी आला.

हेमांगदाने नियम केला: शस्त्र मागणाऱ्या राजाची विनंती आधी गौतमीने ऐकावी. तिने वर्षातून चार महिने दरबारात बसण्याचे कबूल केले. राजा तोवर डाव्या हाताने मुद्रा उमटवायला शिकला.

पहिल्याच दिवशी अमात्यांनी एका दूरच्या राजाचा लेख वाचून दाखवला. गौतमीने विचारले, "हे कोणावर चालवणार?"

अमात्यांनी लेख उलटून पाहिला. "तसे लिहिलेले नाही, बाई."

"मग विचारून या."

अमात्यांनी लेख गुंडाळला आणि ते घोडा मागवायला गेले.