परीच्या पैंजणाची गाठ

शेवूच्या पायात नवे बूट होते आणि तिला त्यांचीच लाज वाटायची.

जुईच्या मळ्याकडेला एका इवल्याशा झोपडीत ती आणि तिची आई राहायच्या. आई गजरे करायची, त्यावरच दोघींची चूल पेटायची. बूट शाळेनं दिलेले, काळे कुळकुळीत, पांढऱ्याशुभ्र नाड्यांचे. पण सातवं वर्ष लागलं तरी शेवूला गाठ मारता येत नव्हती. मग ती नाड्या गुपचूप बुटात कोंबायची. मैदानात लंगडी रंगली, की ही लांबच उभी राहायची. बूट निसटला तर सगळ्यांना कळेल ना! मुली म्हणायच्या, शेवूबाईंना शिंगं फुटलीत.

माझं दुकान रिबिनी-नाड्यांचं, म्हणून मला ठाऊक. गाठ कुणाच्या बोटांना सहाव्या वर्षी येते, कुणाच्या आठव्या. एक ठमी तर माझ्या पायरीवर बसून आठवडाभर एकच नाडी बांधत होती, आणि जमल्यावर मलाच पेढा देऊन गेली. पण हे शेवूला कोण सांगणार? तिनं तर आईलाही छातीठोक सांगून ठेवलं होतं, मला येते गाठ.

एके दिवशी आईचं बोट सुजलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवीची पालखी, आणि चाळीस गजरे द्यायचे होते. आई म्हणाली, "शेवू, तुला येतं ना? तूच बांध गं."

शेवूनं मान हलवली, फुलांची टोपली घेतली आणि मळ्यात जाऊन रडत बसली.

तेवढ्यात पानाआड काहीतरी लुकलुकलं. कोळ्याच्या जाळ्यात बोटभर उंचीची परी अडकली होती. पंख मोराच्या गळ्यासारखे, निळे-हिरवे-सोनेरी. एका पायात चिमुकलं पैंजण, दुसरं हातात. कोळ्याचं घर मोडू नये म्हणून शेवूनं एकेक धागा हळूच बाजूला केला आणि परीला सोडवलं.

"दोन इच्छा माग," परी म्हणाली. "पण ऐकून घे. माझ्याजवळ नवं काही नसतं. एकाकडून काढते, दुसऱ्याला देते. कुणाकडून काढलं, ते सांगत नाही."

शेवूनं अर्धंच ऐकलं. "मला गाठ दे."

बोटं चमचमली. बघता बघता वीस गजरे झाले. उरलेले उद्या करू म्हणत ती उड्या मारत घरी गेली.

सकाळी तिनं शाळेच्या पायरीवर ऐटीत नाड्या बांधल्या आणि मैदानात लंगडीही खेळली. मग तिला अनिसा दिसली. वर्गात सगळ्यात झटपट गाठ मारणारी अनिसा, आणि आज तिच्या नाड्या लोंबत होत्या. बोटं पुन्हा पुन्हा चुकत होती. कुणीतरी म्हणालं, "काय गं, पाळण्यात जाऊन झोपतेस का?" अनिसानं डोळे पुसले आणि नाड्या गुपचूप बुटात कोंबल्या. अगदी शेवूसारख्याच.

शेवूचे कान तापले. आपली लाज तिला माहीत होती, तिची सवय होती. ही दुसरीच होती, दुसऱ्याचं घेतल्याची.

शाळा सुटल्यावर तिनं अनिसाचा हात धरला. "अनिसा, तुझी गाठ मी परीकडून मागून घेतली."

अनिसानं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "परत दे."

दोघी मळ्यात गेल्या. परी म्हणाली, "एकच इच्छा उरलीय हं. रेशमी परकर माग, चांदीची टोपली माग."

"अनिसाचं अनिसाला," शेवू म्हणाली. तिची बोटं पुन्हा जडशीळ झाली. टोपलीत वीस गजऱ्यांची फुलं तशीच होती आणि ऊन कलत होतं.

अनिसा निघाली, चार पावलं गेली, आणि वळली. "मला चार महिने लागले होते," ती म्हणाली. "आमच्या नानांनी खाटेच्या पायाला दोरखंड बांधून शिकवलं. आधी जाड, मग बारीक. बस खाली."

मग जाडजूड वेल झाला, केळीच्या खोडाचा चिवट सोप झाला, शेवटी दोरा. बारा वेळा चुकलं. तेराव्या वेळी वाकडीतिकडी का होईना, गाठ बसली. अनिसानं सतरा गजरे बांधले, शेवूनं तीन. पण ते तीन तिचे होते.

परी अजून तिथंच घुटमळत होती. पंख मिटून, मान खाली घालून, ते हातातलं पैंजण पुढे करत पुटपुटली, "हे बांधशील? जन्मभर दुसऱ्यांचं उचलून वाटत आले. स्वतः शिकलेच नाही. सांगायची लाज वाटायची."

शेवू गवतात बसली. "वाटते खरी," ती म्हणाली. "पाय दे. आणि नीट बघ, पुढच्या वेळी तूच बांध."

गाठ बसली. छुन्नऽ करून पैंजण वाजलं, सारा मळा केशरी-रुपेरी उजेडानं भरला आणि त्या उजेडातच परी विरून गेली. उजेड जिथं जिथं पडला, तिथं जुई अशी फुलली की आईची टोपली पुढं कधी रिकामी राहिली नाही.

गजरे पालखीला वेळेवर पोचले. त्या रात्री शेवूनं आईला सगळं खरं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी लंगडीत तिचा बूट तीनदा सुटला. तीनही वेळा ती मैदानाच्या मधोमध, सगळ्यांसमोर बसली, आणि सावकाश नाडी बांधून उठली.