आठवणींचे दळणघर

त्या राज्यात कोणीही स्वतः काही लक्षात ठेवत नसे. लग्नातली गाणी, मुलांचे पहिले बोल, मेलेल्यांचे आवाज, सगळे दळणघरातल्या चार जात्यांकडे सोपवले जाई. प्रत्येक आठवण चौघांत अशी वाटलेली असे की एखादे जाते फुटलेच, तर उरलेली तीन आपापल्या वाट्यांवरून त्याचा वाटा पुन्हा दळून काढतील. या युक्तीवर राज्य इतके खूश होते की आणखी काही सोय करावी, असे म्हणणेसुद्धा तिथे अपमान समजत.

चारही दगड एकाच खडकातले, एकाच दिवशी घडवलेले होते. रंग जुळतो म्हणून ते निवडले होते.

कारभारी होता वरवंटा. रोज सकाळी तो दारातूनच विचारी, "काय, तब्येत?" आतून उत्तर येई, "ठणठणीत!" मग तो दारातला हिरवा दिवा लावी आणि दिवसभर लोळत पडे. जात्याचा टवका उडाला की ते त्या खड्ड्यात पीठ दाबून बसवी आणि पुन्हा गुळगुळीत दिसे. हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ठणठणीत म्हणणाऱ्याला खोटे पाडणे त्या राज्यात असभ्य होते. ठेवलेली एखादी आठवण परत मागून पाहावी, एवढे साधे कोणाला सुचले नाही.

एकदा चाळण आली. तिची आई, सूप, पाखडून पाखडून झिजून गेली होती. दाणे घोळताना ती जे गुणगुणे, तेवढेच मागे उरले होते, आणि तेही इथे.

"कारभारी, मला आईचा आवाज एकदा ऐकू द्या."

"का? जात्यांवर भरवसा नाही?"

"आतून टक् टक् वाजतंय, म्हणून म्हणते."

"वाजणारच. कामं करतात ती, तुझ्यासारखी खुंटीला लटकत नाहीत. अंगभर भोकं, आणि निघाली परीक्षा घ्यायला!"

शेजारची परात खणखणून हसली. ती वरवंट्याच्या प्रत्येक बोलण्यावर हसत असे. तेवढ्यात टक् टक् थांबली. एक जाते दुभंगले होते.

वरवंट्याने त्या जागी कोरे जाते बसवले आणि हुकूम सोडला: तिघांनी सगळे पहिल्यापासून, न थांबता दळावे आणि नव्याचा वाटा भरून द्यावा.

"त्याआधी आईचा आवाज तरी दुसरीकडे काढून ठेवा हो," चाळण म्हणाली. "पाया पडते."

"तीन पुरतात, बाई. गप उभी राहा."

आयुष्यात कधी एवढे न राबलेले ते दगड गरगरू लागले. खड्ड्यांतले पीठ उडाले. दुपार कलायच्या आत दुसरे जाते फुटले, पहिले जिथे दुभंगले होते, बरोबर तिथेच भेग पडून.

दोघांच्या वाट्यांवरून एकही आठवण जुळत नव्हती; आता दळायला काही उरले नव्हते. पण थांबा म्हणणार कोण? चूक कबूल करावी लागली असती. उरलेली दोन रिकामीच फिरत राहिली, दगडावर दगड घासत, आणि त्यांच्या कडांवरून पांढरी भुकटी सांडू लागली.

"बघा, किती बारीक आलंय!" वरवंटा ओरडला. त्याने त्यातली थोडी चाळणीवर लोटली. "ही घे तुझी आई."

चाळण हळूहळू हलू लागली. भुकटी तिच्यातून खाली झरत गेली.

"अगदी तिचाच गळा!" परात म्हणाली आणि डोळे मिटून डोलू लागली.

भुकटी संपली, तरी चाळण हलतच राहिली.