गजूची शिंक

प्राणी अजून शाळेत जात होते, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या शाळेत टिटवीबाई शिकवायच्या. त्यांचा एकच नियम होता, वर्गात रडायचं नाही.

हत्तीचं पिल्लू गजू पहिल्याच दिवशी आईच्या आठवणीने कासावीस झालं. पण नियम म्हणजे नियम. डोळ्यांत पाणी आलं की गजू ते गुपचूप सोंडेत ओढून घ्यायचा. बेचा पाढा संपेपर्यंत सोंड भोपळ्यासारखी फुगली आणि त्याला शिंक आली.

पाट्या ओढ्यात गेल्या, ससा झाडावर गेला आणि बाई चिखलात उताण्या पडल्या.

"अरे, एवढं पाणी आणलंस कुठून?" बाईंनी पंख झटकत विचारलं.

"आईची आठवण आली होती, बाई. पण तुम्हीच म्हणालात, रडायचं नाही."

ओल्या पंखांनिशी बाई गजूजवळ जाऊन बसल्या. "चुकलंच माझं. रड हवं तेवढं."

ते ऐकून ससा वरून म्हणाला, "मग मीही रडू? मला उतरायची भीती वाटतेय."

त्यालाही परवानगी मिळाली. शेवटी कासवाने हळूच हात वर केला. त्याचं रडणं सोमवारी सुरू झालं, ते गुरुवारी संपलं. बाई तोवर त्याच्याजवळ बसून होत्या.